फिल्म सगळ्यात शेवटी: जुन्या कॅमेऱ्यातून पहिला धड रोल काढण्याची रीत

आजोबांच्या कपाटात सापडलेला किंवा चोर बाजारातून उचललेला कॅमेरा हातात आला की बहुतेक जण लगेच रोल आणून भरतात. काही आठवड्यांनी लॅबमधून कोरी पट्टी परत येते आणि घोळ कुठे झाला ते कळायला मार्ग उरत नाही. शटर उघडलं नाही, फिल्म सरकली नाही, प्रकाश मोजणारा मीटर चुकला की लॅबचं रसायन मेलेलं होतं? चारही शक्यता एकाच रोलमध्ये मिसळल्या की त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

म्हणून क्रम असा: आधी कॅमेरा रिकामा तपासायचा, मग दुरुस्त करायचा, आणि फिल्म सगळ्यात शेवटी. खालची कृती ३५ मिमीच्या यांत्रिक एसएलआरसाठी, म्हणजे लेन्समधलंच चित्र आरशातून डोळ्याला दाखवणाऱ्या कॅमेऱ्यासाठी आहे. नमुना म्हणून पेंटॅक्स के१००० धरला आहे, कारण १९७६ ते १९९७ एवढा काळ बनलेला हा कॅमेरा अजून सहज मिळतो आणि त्याचं शटर बॅटरीशिवाय चालतं. दुसऱ्या कॅमेऱ्यांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## १. उघडण्याआधी: आत रोल आहे का?

मागचं झाकण उघडायची घाई करू नका. डावीकडचा रिवाइंडचा क्रँक उचला आणि बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. मोकळा फिरला तर बहुधा आत काही नाही. अर्ध्या-एक फेरीत अडकला तर आत फिल्म आहे. मग तळाचं बटण दाबून ती पूर्ण गुंडाळा आणि त्यानंतरच झाकण उघडा. वीस वर्षांपूर्वीच्या रोलवरही घरातल्या कुणाचा तरी फोटो असू शकतो. झाकण उघडलं की तो गेला.

## २. आधी जमवायचं सामान

- हाताने दाबायचा रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब आरशावर बसतात.
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे ते ‘आयपीए’ म्हणून असतं. हात धुवायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात चिकट पदार्थ असतात.
- कानात घालायच्या कापसाच्या काड्या, दात कोरायच्या लाकडी काड्या, पांढरा व्हिनेगर, पेन्सिलचा खोडरबर.
- एलआर४४ किंवा एसआर४४ बॅटरी, ट्रेसिंग पेपरचा तुकडा, केबल रिलीज (शटरचं बटण लांबून दाबून धरायची तार) आणि सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनची सोय असलेला मोबाइल.
- बारीक काळी लोकर, काळ्या मखमलीची पट्टी, २ मिमी जाडीचा मऊ काळा फोम.
- वही. कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा नंबर, बॅटरी कधी घातली, शटरचा कुठला वेग खोटा निघाला, हे सगळं तिथे लिहा. तीनपेक्षा जास्त कॅमेरे जमले की नुसत्या आठवणीवर भागत नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा फोर्टातल्या बोरा बाजारात विकत घ्यायला जाणार असाल, तर बॅटरी, टॉर्च, नाणं आणि ट्रेसिंग पेपर खिशात ठेवा. खालच्या टप्प्यांतल्या निम्म्या चाचण्या दुकानाच्या दारातच होतात, आणि बोली पुढे कशी न्यायची तेही त्यावरूनच ठरतं.

## ३. बॅटरीचा कप्पा

तळाचं झाकण खाचेत नीट बसणाऱ्या नाण्याने उघडा. आत पांढरी किंवा हिरवी भुकटी दिसली तर जुनी बॅटरी फुटून पाझरलेली आहे. काडी व्हिनेगरमध्ये भिजवून, पिळून, हळूहळू पुसा. मग अल्कोहोलच्या काडीने दोनदा पुसा आणि वाळल्यावर खोडरबराने संपर्काची पट्टी चमकेपर्यंत घासा. व्हिनेगर ओतू मात्र नका. ते तारेवरून आत चढतं आणि सहा महिन्यांनी तार तुटते.

के१०००ला एक एलआर४४ लागते, निकॉन एफएम२ला दोन. कॅनन एई-१ची गोष्ट वेगळी. त्याला ६ व्होल्टची बॅटरी लागते आणि तिच्याशिवाय शटर हलतच नाही. ‘जाम आहे’ म्हणून स्वस्तात विकले जाणारे कित्येक एई-१ नुसते बॅटरीविना असतात. एफएम२मध्येही असाच गैरसमज होतो. फिल्म ओढायचा लिव्हर अंगाला चिकटलेला असेल तर बटण दाबलं जात नाही. लिव्हर थोडा बाहेर ओढला की शटरही चालतं आणि मीटरही जागा होतो.

पाऱ्याच्या बॅटरीचा प्रश्न. ऑलिंपस ओएम-१, यशिका मॅट १२४जी, कॅनोनेट क्यूएल१७ हे कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पीएक्स६२५ बॅटरीवर बेतलेले आहेत. पाऱ्यामुळे ती आता बनत नाही. तिच्या आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन सेल मिळते आणि बसतेही, पण मीटर प्रकाश असतो त्यापेक्षा जास्त दाखवतो. तुम्ही लेन्सचं छिद्र (उजेड आत सोडणारं, लहान-मोठं होणारं भोक) लहान करता आणि निगेटिव्ह फिकी येते. शिवाय वापरात तिचा विजेचा दाब (व्होल्ट) उतरत जातो, त्यामुळे चूकही रोज वेगळी. सोपा उपाय म्हणजे श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर सेल. ती १.४ व्होल्ट देते आणि श्रवणयंत्राच्या दुकानात मिळते. तिचा व्यास कमी असल्याने भोवती रबरी रिंग लावा, पण वरची बारीक भोकं बुजवू नका, कारण ती हवेवरच चालते. स्टिकर काढल्यापासून ती दोन-चार महिनेच टिकते, म्हणून काढल्याची तारीख वहीत लिहा. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये मीटरचं सर्किट दाबातला फरक सांभाळून घेतं. त्याला नेहमीची सिल्व्हर ऑक्साइड सेल चालते.

## ४. रिकाम्या कॅमेऱ्याची तपासणी

या टप्प्याला एक तास द्या. पुढचं सगळं यावर उभं आहे.

इशारा: झोर्की आणि फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांत शटर चढवण्याआधी (पुढच्या फोटोसाठी ताणण्याआधी) वेगाची चकती फिरवू नका. आधी चढवा, मग वेग लावा. उलट केलंत तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

शटरचे हळू वेग. मागचं झाकण उघडं ठेवा, लेन्स काढा आणि कॅमेरा उजेडाच्या खिडकीकडे धरा. १ सेकंदापासून सुरुवात करा. पडदा उघडून पूर्ण बंद व्हायला हवा. उघडा राहिला किंवा अर्ध्यात अडखळला तर आतलं वंगण घट्ट झालेलं आहे. ४०-५० वेळा वाजवून बघा, बराच काळ पडून राहिलेलं शटर कधीकधी मोकळं होतं. मग मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये मागून चित्रण करा आणि उजेड किती फ्रेम दिसतो ते मोजा:

- १ सेकंद: २४० फ्रेम
- १/८: ३० फ्रेम
- १/१५: १६ फ्रेम
- १/३०: ८ फ्रेम
- १/६०: ४ फ्रेम

यात पाव हिस्सा इकडेतिकडे झालं तर निगेटिव्ह फिल्मवर ते कळणारही नाही. दुप्पट भरलं तर कॅमेरा कारागिराकडे न्या.

वेगवान वेग. १/१००० मोबाइलने मोजता येत नाही, पण एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. निरभ्र आकाशाकडे (सूर्याकडे नाही) धरून मागून बघत बटण दाबा. पूर्ण चौकट क्षणभर उजळायला हवी. एक बाजू काळी राहत असेल तर मागचा पडदा पुढच्याला गाठतो आहे, आणि फोटोचा तेवढा भाग काळाच येणार. दुरुस्ती होईपर्यंत १/५०० किंवा १/२५० च्या वर जाऊ नका.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे तेल. अडकलेल्या शटरमध्ये शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारला की दोन दिवस कॅमेरा झकास चालतो. मग तेच तेल पडद्यावर आणि छिद्राच्या पात्यांवर पसरतं, धूळ धरतं आणि चिकटतं. अशा कॅमेऱ्याला कारागीर हात लावायला तयार होत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

छिद्राची पाती. लेन्स लावा, एफ/१६ ठेवा (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं) ठेवून बटण दाबून धरा आणि मागून बघा. दाबताक्षणी छिद्र बारीक व्हायला हवं. सावकाश मिटत असेल तर पात्यांवर तेल आलं आहे. असे फोटो जास्त उजळ येतात आणि दोष मीटरवर जातो. लेन्स दुरुस्तीला द्या. तोपर्यंत छिद्र पूर्ण उघडं ठेवून काम चालतं, कारण तेव्हा पाती हलतच नाहीत.

फोकस. दूरची पाण्याची टाकी किंवा विजेचा मनोरा निवडा, निदान किलोमीटरभर लांबचा. लेन्स अनंतावर फिरवली की व्ह्यूफाइंडरमध्ये ती वस्तू रेखीव दिसायला हवी. आता खरी परीक्षा. झाकण उघडून फिल्म ज्या दोन रुळांवरून सरकते त्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून धरा, केबल रिलीजने शटर ‘बी’वर उघडं ठेवा आणि कागदावरचं उलटं चित्र भिंगाने पाहा. व्ह्यूफाइंडरमध्ये रेखीव आणि कागदावर धूसर असेल तर आरसा किंवा फोकसची काच (जिच्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उमटतं ती) जागेवर नाही. असं बहुतेकदा कुणीतरी आधी ‘साफसफाई’ केल्याने होतं.

आरसा आणि फोकसची काच. या दोन्हींना हात लावू नका, कापडही नको. आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो आणि पहिल्याच पुसण्यात त्यावर ओरखडे उठतात. फोकसची काच पुष्कळ कॅमेऱ्यांत प्लॅस्टिकची असते, अल्कोहोलने ती कायमची पांढरी पडते. फक्त ब्लोअर. व्ह्यूफाइंडरमधला कचरा फोटोत येत नाही, त्याच्यासोबत राहायला शिका.

मीटर. आयएसओ (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) २०० लावा. उन्हातली साधी भिंत चौकटभर घ्या आणि मोबाइलच्या मीटर ॲपशी ताडून बघा. मग सावलीतली भिंत, मग खोलीतली. तिन्ही ठिकाणी सारखीच एक पायरी (म्हणजे दुप्पट किंवा निम्म्या प्रकाशाची) चूक येत असेल तर दुरुस्तीची गरज नाही. कॅमेरा एक पायरी कमी प्रकाश देत असेल तर २०० च्या रोलला चकतीवर १०० ठेवा. चूक प्रत्येक ठिकाणी वेगळी असेल तर मीटर विसरा आणि उन्हाचा नियम वापरा: लख्ख उन्हात एफ/१६ आणि वेग आयएसओइतका, म्हणजे २०० ला सुमारे १/२५०. के१०००च्या मीटरला बंद करायचं बटणच नाही, म्हणून वापर नसताना लेन्सवर टोपी लावून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते.

पुढे जाण्याआधी: सगळे वेग वाजतात, पडदा पूर्ण बंद होतो, छिद्र पटकन मिटतं, अनंत रेखीव दिसतो, मीटरची चूक वहीत लिहिली आहे. यातलं एकही राहिलं असेल तर रोल विकत आणू नका.

## ५. लेन्स: काय वाईट, काय नुसतं दिसायला वाईट

छिद्र पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. टॉर्चखाली कुठलीही जुनी लेन्स घाणेरडीच दिसते, तेव्हा घाबरून जाऊ नका. धुळीचे ठिपके आणि पुढच्या काचेवरचे एक-दोन ओरखडे फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले तंतू म्हणजे बुरशी. कडेला थोडी असेल तर चालेल, मधोमध असेल तर प्रकाशाकडे तोंड करून काढलेले फोटो धुरकट येतील. सगळीकडे सारखा दुधी पापुद्रा असेल तर तोही तसाच त्रास देतो आणि चटकन लक्षात येत नाही.

पिवळटपणा हा वेगळा प्रकार. ५० मिमी एफ/१.४च्या काही सुपर टाकुमार लेन्समध्ये थोरियमयुक्त काच आहे, ती काळाने पिवळी पडते. ती बुरशी नाही. अतिनील किरणांत काही दिवस ठेवल्यावर रंग उतरतो. मात्र उघडी लेन्स उन्हात टाकून निघून जाऊ नका. मागे ॲल्युमिनियम फॉइल लावल्याशिवाय तिच्यातून एकवटलेलं ऊन खालचं कापड पेटवू शकतं. हाच धोका रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या (आरसा नसलेल्या, वेगळ्या खिडकीतून फोकस करायच्या) कापडी पडद्याला असतो. टोपी न लावता सूर्याकडे तोंड करून ठेवला तर पडद्याला भोक पडतं.

## ६. सील बदलणं

झाकणाच्या कडेच्या खाचांत आणि बिजागरीशी उजेड अडवणारा काळा फोम असतो, तेच सील. वीसेक वर्षांत तो डांबरासारखा चिकट होतो किंवा बोट लावताच भुगा होऊन पडतो. हा भुगा पडद्यात गेला की नवं दुखणं, म्हणून काम पुढच्या क्रमाने करा.

१. कॅमेरा असा धरा की उघडी बाजू खाली येईल. भुगा टेबलावर पडू द्या, आत नको.
२. शटरच्या चौकटीवर कागद धरून ठेवा. पडद्याला चिकटपट्टी कधीही लावू नका.
३. सुक्या लाकडी काडीने खाचेतला फोम खरवडा. धातूचा पेचकस नको, खाचेचा काळा रंग गेला की तिथून उजेड परावर्तित होतो.
४. उरलेल्या चिकटाला अल्कोहोलची जेमतेम ओली काडी लावा. दोन मिनिटं थांबा, मग खरवडा. एका खाचेला दहा-पंधरा काड्या लागतात, हे गृहीत धरा.
५. खाच पूर्ण वाळल्यावर तळाशी गोंदाची बारीक रेघ ओढा आणि काळी लोकर लाकडी काडीने दाबून बसवा. खाचेत फोमपेक्षा लोकर बरी, ती सडत नाही.
६. बिजागरीच्या बाजूला मखमल किंवा २ मिमी फोम. मागे गोंद असलेली पट्टी असेल तर गोंदाची बाजू ओल्या बोटाने किंचित ओली करा, म्हणजे ती लगेच चिकटत नाही आणि सरळ सरकवता येते.
७. आरसा वर जाऊन जिथे आपटतो तिथली फोमची पट्टीही बदला. ती सगळे विसरतात. सडलेली असेल तर आरसा वर चिकटून राहतो किंवा फोकसच्या काचेवर काळे कण पडतात.

तपासा: झाकण एका बोटाच्या दाबाने लागलं पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर सील जाड झालं आहे. ते झाकण उचलून धरतं, आणि ज्या उजेडासाठी हे सगळं केलं तोच आत शिरतो.

## ७. फिल्म भरणं

आता रोल आणा. पहिल्या चाचणीला मुदत उलटलेला रोल नको, तो कितीही स्वस्त मिळो. फोटो फिके आले तर कॅमेरा जुना की फिल्म जुनी, हा प्रश्न पुन्हा उभा राहील. २०० आयएसओचा साधा, ताजा रंगीत निगेटिव्ह रोल पुरेसा आहे. फ्रिजमधून काढला असेल तर बंद डबीतच तासभर बाहेर ठेवा. लगेच उघडला तर दमट हवेत फिल्मवर दव धरतं.

१. सावलीत उभे राहा. उन्हात असाल तर उन्हाकडे पाठ करा.
२. क्रँकची मूठ वर ओढा, झाकण उघडेल. रोल डावीकडे बसवून मूठ खाली दाबा. ती पूर्ण खाली बसेपर्यंत जरा फिरवावी लागते.
३. फिल्मची जीभ उजव्या गुंडाळीच्या खाचेत घाला. टोक खाचेतून पलीकडे निघून लोंबता कामा नये.
४. झाकण उघडं असतानाच लिव्हर एकदा ओढा. वरची आणि खालची, दोन्ही बाजूंची भोकं दातांत बसलेली दिसली पाहिजेत. एकच बाजू बसली असेल तर थांबा आणि पुन्हा लावा. या एका सेंटिमीटरच्या कंजुषीपायी पूर्ण रोल कोरे गेलेले आहेत.
५. झाकण लावा. क्रँक बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून डबीतली ढिलाई काढा, अडकला की सोडा.
६. लिव्हर ओढून बटण दाबा, आकडा १ वर येईपर्यंत. प्रत्येक वेळी लिव्हर ओढताना डावीकडची मूठ उलट फिरताना दिसली पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म सरकत नाही. आकडा पुढे जातोय यावर विश्वास ठेवू नका. फिल्म नसतानाही तो पुढे जातो.
७. आयएसओ लावा. हे शेवटी राहून जातं आणि मागच्या रोलचा आकडा तसाच राहतो. चकतीवर फक्त डीआयएन (जर्मन माप) असेल तर १०० म्हणजे २१, २०० म्हणजे २४, ४०० म्हणजे २७. रशियन झेनिटवर गॉस्टचे (सोव्हिएत मापाचे) आकडे असले तर ९०, १८० आणि ३६० हे अनुक्रमे १००, २०० आणि ४००.

## ८. चाचणीचा रोल

पहिल्या रोलवर घरच्या बारशाचे फोटो काढू नका. पहिला रोल कॅमेऱ्याचा, तुमचा नव्हे. प्रत्येक फ्रेमचे आकडे वहीत लिहा.

- फ्रेम १: कागदावर कॅमेऱ्याचा नंबर आणि तारीख लिहून त्याचा फोटो.
- फ्रेम २ ते ५, लख्ख उन्हातली एकच भिंत: १/१००० व एफ/८, १/५०० व एफ/११, १/२५० व एफ/१६, १/१२५ व एफ/२२. चारही निगेटिव्ह सारख्या गडद यायला हव्यात.
- फ्रेम ६ ते ९, मोकळ्या सावलीत, तिवईवर: १/१२५ व एफ/५.६, १/६० व एफ/८, १/३० व एफ/११, १/१५ व एफ/१६. त्याही आपसात सारख्याच.
- फ्रेम १० व ११, जवळचा फोकस: पाच पुस्तकं एकामागे एक, तीन-तीन सेंटिमीटर मागे सरकवून उभी करा. मीटरभरावरून मधल्या पुस्तकावर फोकस करून छिद्र पूर्ण उघडं ठेवून घ्या. फोटोत दुसरं किंवा चौथं रेखीव आलं तर फोकस सरकलेला आहे.
- फ्रेम १२: उन्हं उतरल्यावर लांबचा मनोरा, छिद्र पूर्ण उघडं, लेन्स अनंतावर.
- फ्रेम १३ ते १५: मीटर सांगेल तसं. एक उन्हात, एक सावलीत, एक खोलीत.
- फ्रेम १६ व १८: साधं काहीही. यांवर डाग आले तर वाईट वाटू नये असं.
- फ्रेम १७, उजेडाची गळती: टोपी लावून कॅमेरा उन्हात ठेवा. पाठ, तळ, डावी आणि उजवी बाजू, प्रत्येक बाजूला दोन-दोन मिनिटं ऊन लागू द्या. मग टोपी न काढता बटण दाबा. ही फ्रेम कोरी आली तर सील उत्तम.
- फ्रेम १९: फ्लॅश असेल तर १/६० वर. झेनिट ई असेल तर १/३०. त्याहून वेगवान ठेवलंत तर फोटोचा एक भाग काळा येईल. तो कॅमेऱ्याचा दोष नव्हे.

उरलेल्या फ्रेमवर मन मानेल ते काढा.

## ९. रोल काढणं आणि धुवायला देणं

लिव्हर अर्ध्यात अडला की रोल संपला. ‘अजून एक निघेल’ म्हणून जोर लावू नका, फिल्मचं टोक डबीतून उपटून येतं. तसं झालंच तर झाकण उघडू नका. रात्री बिनखिडकीच्या न्हाणीघरात दिवे मालवून, दाराखालची फट टॉवेलने बुजवून फिल्म काढा आणि काळ्या डबीत बंद करा. किंवा कॅमेरा तसाच लॅबमध्ये न्या आणि आत काय झालंय ते तोंडाने नीट सांगा.

सगळं सुरळीत असेल तर तळाचं बटण दाबा आणि क्रँक बाणाच्या दिशेने सावकाश फिरवा. आधी ताण जाणवतो, शेवटी एकदम सुटतो. त्यानंतर आणखी दोन फेऱ्या, मगच झाकण. बटण दाबायचं विसरून क्रँक फिरवणं ही इथली नेहमीची चूक, त्यात भोकं फाटतात.

लॅबमध्ये तीन गोष्टी बोला. निगेटिव्ह परत हवी, फेकू नका. रंगीत रोल कुठल्या दिवशी धुता? ज्या दिवशी रोल जमतात त्या दिवशीच द्या, आठवडाभर पडून राहिलेल्या रसायनात एकटा रोल नको. आणि स्कॅनमध्ये आपोआप उजेड सुधारू नका. ही सुधारणा चालू असेल तर वर केलेली सगळी मेहनत वाया जाते, कारण यंत्र फिकी आणि गडद निगेटिव्ह एकसारखी करून देतं. म्हणून निकाल स्कॅनवरून काढायचा नाही. निगेटिव्ह पांढऱ्या स्क्रीनसमोर धरून वाचायची.

## १०. निगेटिव्ह वाचणं

आधी कडा बघा. फिल्मच्या कडेला कारखान्यातच कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे छापलेले असतात. ते धुतल्यावर दिसतात.

- कडेचे आकडे ठळक, चित्र एकही नाही: लॅब निर्दोष आहे. फिल्म सरकली नाही किंवा शटर उघडलं नाही. टप्पा ७, सहावी कृती पुन्हा वाचा.
- कडेचे आकडेही नाहीत: धुण्यात चूक झाली.
- कडांसकट सगळं काळं: फिल्मला उजेड लागला.
- फ्रेम एकमेकींवर चढलेल्या: फिल्म ओढायची यंत्रणा घसरते आहे. कारागिराचं काम.
- फ्रेम २ ते ५ मध्ये १/१०००ची फिकी किंवा एका बाजूने फिकी: वेगवान वेगावर पडदे बिघडलेले. बाकी वेग वापरा.
- लहान छिद्राच्या फ्रेम गडद, उघड्या छिद्राच्या ठीक: पाती सावकाश मिटतात.
- फोटोत केशरी-लाल पट्टे: उजेड मागून, सीलमधून आला. पांढरट डाग एकाच जागी: पुढून, पडद्याच्या भोकातून आला असण्याची शक्यता जास्त.

डाग फोटोत डावीकडे दिसला म्हणून कॅमेऱ्याचं डावं सील उसवू नका. लेन्स चित्र उलटं टाकते. निगेटिव्हची पट्टी कॅमेऱ्यात होती तशी, चित्र डोकं खाली करून, उघड्या कॅमेऱ्यावर धरा आणि मग जागा ठरवा.

## ११. पावसाळ्याआधी

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हे चार महिने लेन्सचे वैरी. पुण्यातही बंद कपाट सुरक्षित नाही.

कॅमेरा चामड्याच्या केसमधून बाहेर काढा. ते चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला आयतं घर मिळतं. केस वेगळी ठेवा. कॅमेरे हवाबंद डब्यात, १० लिटरला १००-१५० ग्रॅम सिलिका जेल, आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ३० च्या खाली गेला तर जेल कमी करा, अतिकोरड्या हवेत वंगण आणि चामडं सुकतं. तांदळाची पुरचुंडी नको, तिची पूड उडते. डांबराच्या गोळ्या तर नकोतच, त्यांची वाफ काचेवर बसते.

निळं जेल गुलाबी झालं की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतं. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. बुरशी आलेली लेन्स वेगळ्या डब्यात ठेवा. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात आणि खरं कारण ओल हेच, तरी शेजार टाळलेला बरा.

ठेवताना बॅटरी बाहेर, शटर न चढवलेलं, लेन्सला दोन्हीकडून टोप्या. एसी गाडीतून पावसाळी हवेत कॅमेरा काढायचा असेल तर बंद पिशवीत अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर आतूनही दव धरतं.

महिन्यातून एकदा, कोरड्या दिवशी डबा उघडा. प्रत्येक कॅमेऱ्याचा प्रत्येक वेग दोन-दोनदा वाजवा, फोकसची रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, लेन्समधून टॉर्च मारा आणि वहीत तारीख टाका.